मनातलं वहीत उतरंना, काय करू?

प्रश्न: ताई, मी सेलूची, वय 26. वडील शेती करायचे, दिवाळीच्या आधी गेले. आईला आन् लहान भावाला सांभाळायचं म्हणून मी कुणापुढं रडलेच नाही, आता आत लई साठलंय. वही घेऊन बसते पण "बाबांची खूप आठवण येते" एवढं लिहिलं की पुढं सुचेनाच. आणि लिहिलंच तर आईला दाखवू का?

उत्तर: अगं, वाक्य खरंय तुझं, पण त्यात बाबा कुठंच दिसंनात, म्हणून पेन अडतो. आठवण वगैरे शब्द राहू दे, त्यांची एखादी सवय धर. ज्वारी वाळली का बघायला दाणा दाताखाली धरून कडकन फोडायचे असतील तर तेच लिही, आवाजासकट.

तुझ्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई, 13व्या शतकातली, नामदेवांच्या घरी राबणारी, तिनं दळण-कांडण असल्या कामांतूनच विठ्ठलापुढं मन मोकळं केलं. जात्यावरच्या ओव्या पण तशाच, पहाटे हात खुंट्याला अन् तोंड मोकळं, सासरी जे उघड बोलायची सोय नव्हती ते भावाला, आईला, पांडुरंगाला हाक मारून सांगायचं. मला ही हाकच फार मोलाची वाटते. तू पण "बाबा," म्हणून सुरुवात कर आणि त्यांच्याशीच बोल, राग असेल तर रागानं बोल, भांड सुद्धा.

जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये कॉलेजच्या पोरांना रोज 15 मिनिटं असं सलग 4 दिवस मनाला लागलेलं लिहायला लावलं होतं, तर लिहून झाल्या झाल्या त्यांना उलट जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच सारखा फरक पडला असं नाही, तरी एवढं ध्यानात ठेव की पहिल्या दिवशी रडू कोसळलं म्हणून घाबरून वही मिटायची नाही. शुद्धलेखन बघूच नको, घरी बोलतेस तसंच लिही.

आईचं आत्ता ठरवू नको, कुणाला दाखवायचंय म्हटलं की आपण लगेच सांभाळून लिहायला लागतो. पुढं कधी वाटलं तर एखादं पान वाचून दाखव तिला, तिच्याजवळही सांगण्यासारखं खूप असणार. आणि झोप, जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल तर नुसत्या वहीवर राहू नको, टेली मानसच्या 14416 ला फोन लाव, सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री पण चालते आणि मराठीत बोलता येतं.