षष्ठीचे उपयोग कोणते आणि ती कारक का नाही?

तुमचा प्रश्न असा: ‘चा-ची-चे’ दिसलं की षष्ठी विभक्ती, हे पाठ असूनही परीक्षेत उत्तर का चुकतं, आणि षष्ठीला कारक का म्हणत नाहीत?

दुसऱ्यापासून सुरू करतो, पहिला बराचसा त्यातच सुटतो. कारक म्हणजे क्रियेत भाग घेणारं पद, कर्ता, कर्म वगैरे. त्याचं नातं क्रियापदाशी. ‘त्याने नाशिकच्या आडत्याला द्राक्षं विकली’ यात त्याने, आडत्याला, द्राक्षं हे तिन्ही ‘विकली’ला चिकटलेत. ‘नाशिकच्या’ मात्र नुसता आडत्याला धरून आहे. संस्कृतातही षष्ठी सहा कारकांबाहेरच. पाणिनीचं सूत्रच ‘षष्ठी शेषे’, म्हणजे उरलेले संबंध.

नामाला धरून राहते म्हणून वागतेही विशेषणासारखी. चिवड्याचा पुडा, चिवड्याची पुडी, चिवड्याचे पुडे: प्रत्यय चिवड्याला, लिंग-वचन पुढच्या नामाचं. त्या पुढच्या नामाला काही लागलं की ‘च्या’: चिवड्याच्या पुड्यात. इथे बरेच जण फसतात. विभक्तीच्या तक्त्यात ‘च्या’ अनेकवचनाखाली पाहिलेला, म्हणून ‘गोदावरीच्या काठावर’लाही अनेकवचन ठोकून देतात. काठ एकच आहे. ‘च्या’ आला तो ‘काठावर’मुळे.

षष्ठीच्या उपयोगांपैकी मालकी आणि नातं सगळ्यांना येतं. ध्यानात ठेवायचे ते हे: द्रव्य (तांब्याची घागर), हेतू (पिण्याचं पाणी), मोल (शंभर रुपयांची मिसळ), माप (पाच किलोची पेटी). क्रियावाचक नामामागे कधी कर्ता असतो, ‘नदीचं वाहणं’. कधी कर्म, ‘पुलाचं बांधकाम’. ‘आईची आठवण’ आईने काढलेली की आईबद्दलची, ते वाक्य वाचूनच ठरवा.

‘घरचा डबा’ पण ‘घराचा दरवाजा’. ‘गावचा पाटील’ पण ‘गावाची वेस’. सामान्यरूप (प्रत्ययाआधी शब्दात होणारा बदल, ‘घर’चं ‘घरा’) न होता ‘चा’ लागला तर बहुधा ‘तिथला’ असा अर्थ, झालं तर त्या वस्तूचा भाग. मराठीतली ही फार सुंदर जागा आहे, पण तक्त्यात ती दिसत नाही.

आता फसवे. ‘मला नाशिकला जायचं आहे’ यातलं ‘जायचं’ धातुसाधित, म्हणजे ‘जा’ धातूपासून झालेलं, षष्ठी नव्हे. उलट ‘माझा’त ‘चा’ दिसत नाही, तरी षष्ठीच. समासात रामकुंड म्हणजे रामाचं कुंड, षष्ठी तत्पुरुष. पंचवटीच्या विग्रहातही ‘पाच वडांचा समूह’ असा ‘चा’ येतो, पण तो समूहामुळे आलेला. पहिलं पद संख्येचं, म्हणून समास द्विगू.