डीबीएस केल्यावर पार्किन्सनमधलं जुगाराचं व्यसन सुटतं का? मूडवर काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना आठ वर्षं पार्किन्सन आहे, दोन वर्षांपासून रात्र रात्र मोबाइलवर पत्ते खेळून पैसे घालवतायत आणि आता डॉक्टर डीबीएस (मेंदूत तार बसवून करंट द्यायचं ऑपरेशन) करू म्हणतायत. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, वडिलांना बोल लावू नका. आमचे अण्णा सांगलीत शाळेत गणित शिकवायचे, आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट काढलं नाही, किराणासुद्धा रोखीनं आणायचे, आणि त्याच माणसानं पासष्टाव्या वर्षी फंडातले तीन लाख ऑनलाइन रमीत घालवले, तेही आईपासून लपवून. आम्ही भांडलो, मोबाइल काढून घेतला, आई तर दोन महिने धड बोलली नाही त्यांच्याशी, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या पोटात प्रॅमिपेक्सोल रोज तीन वेळा जात होतं. ही पार्किन्सनवरची डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटातली गोळी, म्हणजे मेंदूतल्या डोपामाइन या रसायनासारखं काम करणारी, रोपिनिरोल पण त्यातलंच. डोपामाइनवर नुसते हातपाय चालत नाहीत, 'अजून एक डाव' ही ओढसुद्धा तेच लावतं. हालचालीच्या भागात ते फार कमी पडतं म्हणून गोळी देतात, पण ओढीच्या भागात ते तितकं आटलेलं नसतं, तिथे मग जास्त होतं. 2010 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्या साधारण 17 टक्के लोकांचा जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यापैकी काहीतरी हाताबाहेर गेलं होतं, न घेणाऱ्यांत हेच 7 टक्क्यांच्या आसपास.

आता डीबीएस. सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणून मेंदूत खोलवर मसुराच्या आकाराचा एक भाग असतो, तिथे तार बसवून छातीतल्या बॅटरीतून करंट देतात, फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद यांच्या टीमनं 1993 मध्ये पार्किन्सनसाठी हे सुरू केलं. त्यानं कंप आणि ताठरपणा कमी झाला की गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, आणि व्यसन सुटतं ते मुख्यतः या गोळ्या कमी झाल्यामुळे. ग्रेनोबलच्याच टीमनं 63 पेशंटवर वर्षभर लक्ष ठेवलं, गोळ्या 73 टक्के कमी केल्या, ज्यांना जुगारबिगार लागला होता त्यांच्यात तो बहुतेक सुटला, पण बरेच जण निरिच्छ झाले. उलटंही होतं बरं का, काहींना ऑपरेशननंतरच नव्यानं उधळेपणा येतो, कारण हाच भाग कठीण निर्णय घेताना 'थांब जरा' असा ब्रेक लावतो आणि करंट त्याच्या भावनांशी जोडलेल्या बाजूला सांडला तर तो ब्रेक सैल पडतो.

तार कुठे टेकते यावर किती अवलंबून आहे बघा. 1999 मध्ये पॅरिसमधल्या 65 वर्षांच्या एका बाईंची केस छापून आली, शेजारच्याच भागात करंट गेला तर त्या काही सेकंदांत रडायला लागल्या, जगायचं नाही म्हणाल्या, आणि करंट बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सावरल्या. त्यांना आधी कधी डिप्रेशन नव्हतं.

अण्णांचं म्हणाल तर ऑपरेशननंतर पहिले तीन आठवडे ते अति खुशीत, पहाटे तीनला उठून बडबड, ते प्रोग्रामिंग (करंटची सेटिंग) बदलून आटोक्यात आलं. दुसऱ्या महिन्यात रमीचं नावसुद्धा काढेनात, आम्ही पेढे वाटले. आणि मग पाचव्या महिन्यात माणूस झोपाळ्यावर बसला की बसला, पेपर उघडेना, नातू आला तरी हूं की चूं नाही. आम्हाला वाटलं शांत झाले, सुधारले. खरं तर अ‍ॅगोनिस्ट एकदम बंद केली होती आणि त्याचा हा झटका होता, जवळजवळ तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी थोडा डोस परत सुरू केला, मनोविकारतज्ज्ञांनी एक गोळी दिली, हळूहळू गाडी रुळावर आली. मला अजून त्या तीन महिन्यांची टोचणी आहे.

म्हणून तुम्ही डॉक्टरांना आधी हे विचारा की ऑपरेशनच्या आधीच अ‍ॅगोनिस्ट हळूहळू कमी करून बघता येईल का (स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका, त्यानं घबराट आणि निराशा येते), मनोविकारतज्ज्ञांची तपासणी होणार का, आणि नंतर डोस कोण, किती वेगानं उतरवणार. ग्लोबस पॅलिडस या दुसऱ्या जागी तार टाकायचा पर्यायही असतो, तिथे गोळ्या तितक्या कमी होत नाहीत, तेही विचारा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आईला जरूर न्या, तिलाही बोलायला कुणीतरी हवं असतं. आणि ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर वडील जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलले तर 'वयाचं आहे' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लागतो.

पुढच्या भेटीला किती पैसे गेले, कधीपासून, कोणती गोळी कधी वाढवली हे तारखांसकट कागदावर लिहून न्या. आम्ही लाजेपोटी तीन लाखांचं सांगितलंच नव्हतं, 'थोडे पत्ते खेळतात' एवढंच म्हणालो होतो.