स्टेजच्या टॅनबद्दल दोन शब्द

शरीरसौष्ठवाची पहिलीच स्पर्धा ना? मग टॅन, म्हणजे स्टेजवर अंग गडद दिसावं म्हणून लावायचा रंग, आदल्या रात्री पहिल्यांदा लावू नकोस. आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लाव, २४ तास थांब. खाज, पुरळ आली की बाटली बाद.

त्यातलं डीएचए हे रंग आणणारं रसायन त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरालाच रंगवतं, म्हणून आठवड्याभरात उतरतं. भीती स्प्रेची. लालबागच्या कोंदट खोलीत पंखा बंद करून मारला होता आम्ही, रात्रभर खोकलो. खिडकी उघड, डोळे-ओठ झाक, श्वास रोख. लावल्यावर लोकल नको. दादरपर्यंत पाठीवर घामाचे ओघळ! रंग चढला तरी उन्हात सनस्क्रीन लागतंच. आणि टॅनच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊच नकोस, त्यातल्या कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याचे कण डोळ्याच्या पडद्यावर साचतात.