पुढचा शॉकअप गळतो आणि ब्रेक मारला की खाली बसतो. स्प्रिंग ताणून, जाड ऑइल टाकून कडक करावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ३५० सीसीची, आठ वर्षं जुनी, पुढच्या शॉकअपचे पाइप ३५ मिमी व्यासाचे. रोज धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जाणं-येणं, तुमचं वजन ९२ किलो. पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते आणि डिस्कच्या बाजूच्या शॉकअपमधून तेल उतरतं. गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंग ताणून देतो, जाड ऑइल टाकतो, कडक होईल.

स्प्रिंग ताणू देऊ नका, आणि ऑइल आहे त्याच नंबरचं, म्हणजे तेवढ्याच जाडीचं, राहू द्या. सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, कारण ते तेल ओघळून ब्रेक पॅडवर गेलं तर पुढचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो.

मी चिपळूणजवळ गॅरेज चालवतो आणि जाड ऑइलचा मार्ग स्वतः करून बघितलेला आहे. एका वर्षी माझ्याच गाडीत इंजिनचं २०डब्ल्यू-४० भरलं. अंगणात हँडल दाबून बघितलं तर शॉकअप दगडासारखे लागले, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना वळणाच्या तोंडावर रस्ता उखडलेला, ओळीने खड्डे. पहिल्या खड्ड्यात शॉकअप दबले, ते वर यायच्या आत दुसरा आला, मग तिसरा. चौथ्याला दबायला जागाच उरली नव्हती. पुढचं चाक वळणाच्या बाहेर सरकत गेलं आणि गाडी कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. बायको मागे बसलेली होती.

वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइल शॉकअपच्या आतल्या नळीच्या, म्हणजे डॅम्पर रॉडच्या, बारीक भोकांतून जातं आणि शॉकअप किती वेगाने दबेल, किती वेगाने वर येईल तेवढं ठरवतं. जाड ऑइल घातलं तर हाताला कडक लागतं, पण ब्रेक धरून ठेवला की गाडी जेवढी बसायची तेवढी बसतेच, फक्त सावकाश. आणि वर यायलाही वेळ लावते. ताणलेल्या स्प्रिंगचंही तसंच. ताणून तिची लांबी वाढते, तारेचा जोर वाढत नाही, आणि थोड्या दिवसांत ती पुन्हा बसते.

आता तुमच्या गळतीकडे येतो, कारण कडक करण्याआधी ती मिटली पाहिजे. आपल्याकडे नुसतं सील बदलून भागत नाही असं निम्म्या गाड्यांत दिसतं. पाइपवरचा क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खारं पाणी त्यातून खालच्या लोखंडापर्यंत जातं, तिथे गंज फुगतो आणि क्रोमचा टवका उडतो. फेरीबोटीच्या उतारावर भरतीचं पाणी असतं, पुढचं चाक त्यातूनच जातं, आणि डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या रबरी कडीच्या) ओठाखाली ते पाणी संध्याकाळपर्यंत बसून राहतं. वर जांभ्याची लाल धूळ चिकटली की झाली पॉलिश पेपरची सोय.

डस्ट सील स्क्रू ड्रायव्हरने अलगद वर सरकवा, पाइप पुसून कोरडा करा आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा. नख कुठेही अडकलं तर तो खड्डा. तो सीलच्या येण्याजाण्याच्या भागात असेल तर नवं सील महिनाभरात फाटतं. खड्डा वरच्या, सील पोहोचतच नाही अशा भागात असेल तर दोन भागांचा चिकट गोंद भरून, सुकल्यावर १५०० नंबरच्या पाणपेपरने घासून सपाट केला तरी चालतो. खालच्या भागात असेल तर पाइप बदला. जुन्या पाइपवर पुन्हा हार्ड क्रोम चढवून घेता येतो, पण नेणं-आणणं धरलं तर नवा पाइप बहुधा सोपा पडतो.

शॉकअप उघडताना क्रम महत्त्वाचा. गाडीवरच असताना, वरची क्लॅम्प सैल करून, वरचा मोठा नट थोडा ढिला करा. तळाचा अ‍ॅलन बोल्टही (सहा कोनी खाचेचा) स्प्रिंग आत असतानाच सैल करा, नाहीतर आतला डॅम्पर रॉड बोल्टबरोबर गरगर फिरतो आणि सुटत नाही. वरचा नट काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग तो उडवते. ऑइल भांड्यात काढून रंग बघा. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या उघडल्या तेव्हा कित्येकांचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं निघालं होतं. पाणी मिसळलेलं तेल तसंच दिसतं. तसं निघालं तर बुश आणि रॉडही घासून धुवा, तळाशी चिखलाचा थर असतो. दोन्ही पाइप एकमेकांना टेकवून सपाट कडाप्प्यावर फिरवा. मधे उजेडाची फट उघडझाप करत असेल तर एक पाइप वाकलेला आहे. सील बसवताना पाइपच्या काठावर प्लास्टिकची पिशवी ओढा, सीलच्या ओठाला फोर्क ऑइल लावा, आणि पाइपवरून सरकेल अशा पीव्हीसीच्या तुकड्याने ठोका. अ‍ॅलन बोल्टखालचा तांब्याचा वायसर नवा घाला.

आता कडकपणा. आधी मोजा. चाक उचलून शॉकअप पूर्ण ताणलेला असताना पाइपवर केबल टाय बांधून डस्ट सीलला टेकवा. मग गाडी सरळ धरायला कोणाला तरी उभं करून रोजच्या कपड्यांत बसा, अलगद उतरा, पुन्हा चाक उचला आणि टाय सीलपासून किती वर गेला ते बघा. तुमच्यासारख्या १३० मिमी चालीच्या (एकूण तेवढा दबणाऱ्या) शॉकअपला ३५ ते ४० मिमी ठीक. ५०च्या वर गेला तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुमच्या वजनाला मऊ आहे. स्प्रिंग बाहेर काढून लांबी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. कमी भरली तर जोडीनेच बदला, एक कधी बदलू नका.

वरच्या नटाखाली नाण्यांची थप्पी किंवा पाइपचा तुकडा घालणारेही भेटतील. त्याने गाडी उंच बसते, कडक होत नाही. समजा स्प्रिंग १० मिमी दाबायला ६ किलो लागतात. तुम्ही ती आधीच १० मिमी दाबून ठेवली तरी पुढच्या १० मिमीला पुन्हा ६च किलो. खरा जोर तारेच्या जाडीत असतो आणि तो चौथ्या घाताने वाढतो: ४ मिमीच्या जागी ४.४ मिमीची तार, बाकी माप तेच, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक. वेढे कापूनही वाढतो, ४० वेढ्यांतले ४ कापले तर सुमारे ११ टक्के, पण मग लांबी भरून काढायला तुकडा घालावा लागतो आणि पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांवर आदळू शकतात. मी कापत नाही. तुमच्या वजनाला थोडी जाड तयार स्प्रिंग मागवा.

ब्रेकला शेवटच्या टोकाला आपटत असेल तर ऑइलचा नंबर न बदलता पातळी वाढवा. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, अशा वेळी पाइपच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजतात. हे अंतर ५ मिमीने कमी करून चालवून बघा, लागलं तर १०. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून बघा, सुरुवातीला जातो आणि शेवटी हटत नाही. वर अडकलेली हवा तेच करते. फार भरलंत तर मात्र तोच दाब नवं सील बाहेर ढकलतो.

वळणात पुढचं चाक पिळल्यासारखं वाटत असेल तर तो वेगळा आजार. आधी कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा. मग मडगार्ड. लोखंडी मडगार्डाचा कंस दोन्ही बॉटम (शॉकअपचे खालचे नळे) एकत्र धरून ठेवतो. तो काढून प्लास्टिकचं लावलं असेल किंवा बोल्ट ढिले असतील तर दोन पाय वेगवेगळे वागतात. चाक बसवताना एक्सल घट्ट करण्याआधी ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, पाय आपापल्या जागी येतात, मग आवळा.

फेरीबोटीवरून उतरल्यावर जिथे नळ मिळेल तिथे पाइपवर दोन लोटे गोडं पाणी ओता, आणि आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवून कोरडं पुसा. नख अडकतं का आणि टाय किती मिमी वर जातो, हे दोन्ही इथे लिहा. त्यावरून नुसतं सील पुरेल की पाइप-स्प्रिंगही लागेल ते सांगतो.