जपानमध्ये मॅनहोलच्या झाकणांवर एवढी चित्रं कशासाठी? हा पैशाचा अपव्यय नाही का?

अपव्यय अजिबात नाही. मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नमेकर होतो. वाळूत दाबून साचा उमटवायचा आणि मग उचलून घ्यायचा, तो नमुना म्हणजे पॅटर्न; त्या साच्यात लोखंड ओततात. त्यामुळे हा शब्द वाचून गप्प बसवेना.

कारण थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात तिथे गावोगाव ड्रेनेज टाकायचं होतं आणि जमिनीखाली गाडल्या जाणाऱ्या कामाला लोक पैसे द्यायला नाखूश होते. झाकणावर आपापल्या गावाची ओळख आणा, ही कल्पना बांधकाम मंत्रालयातून पुढे आली. म्हणून हाकोदातेला स्क्विड, फुजी शहरात फुजी पर्वत. २०१६पासून या झाकणांची कार्डंही फुकट मिळतात, ती जमवायला लोक गावं पालथी घालतात.

आता खर्चाचं. कंपनीच्या कामासाठी ओसाकाला गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता. फुटपाथवर ओसाकाचा किल्ला आणि चेरीची फुलं असलेलं झाकण दिसलं, तसा मी खालीच बसलो. फुलांच्या पाकळ्यांच्या कडा बोटाने चाचपल्या. प्रत्येक कडेला नेमका उतार दिलेला. तो नसेल तर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते आणि पाकळी तुटकी येते. सोबतचे साहेब वैतागले. "चला हो, गटाराचं झाकण बघायला तिकीट काढलंय का? साध्या चौकड्यांनी काय बिघडलं असतं?"

बिघडलं काहीच नसतं. पण वाचलं तरी काय असतं? ओल्या झाकणावरून चाक घसरू नये म्हणून उठाव लागतोच, मग तो चौकड्यांचा असो की फुलांचा. जास्तीची मेहनत पॅटर्न करताना एकदाच. पुढच्या प्रत्येक ओतकामाला लोखंड जवळपास तेवढंच, वाळू तेवढीच, वेळही तेवढाच. हे मी साहेबांना हॉटेलपर्यंत सांगत आलो. "शोभेचं काम," एवढंच त्यांचं उत्तर. पॅटर्न कधी हाताने न केलेला माणूस असंच बोलणार.

हो, रंगीत झाकणं महाग पडतात हे खरं. खोलगट भागात रंगीत रेझिन (सुकून कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ) हाताने भरावं लागतं. म्हणून ती बहुतेक स्टेशनाजवळ, देवळाजवळ दिसतात, बाकी रस्त्यांवर बिनरंगी. शिवाय वाहनांखाली उठाव झिजतो, मग झाकण बदलावंच लागतं, चित्र असो वा नसो.

तुम्ही गेलात तर बिनरंगी झाकणंच निरखून बघा. आणि सोबत कुणी "शोभेचं काम" म्हणालं, तर पॅटर्न किती वेळा करावा लागतो आणि त्यातून झाकणं किती निघतात, एवढं त्याला विचारा.