सगळ्यांचे पेपर धडाधड, माझा एकच!

पीएचडी करणारी मुलं समुपदेशनाला समोर बसली की हल्ली एक वाक्य हमखास येतं: "सगळ्यांचे रिसर्च पेपर येतायत, मीच मागे पडलोय." म्हणून मीराबद्दल (नाव बदललंय) लिहिते.

रसायनशास्त्र, पाचवं वर्ष, एकच पेपर. रात्री उठून लॅबमधल्या एकेकाची गूगल स्कॉलर प्रोफाइल (कुणाचे किती पेपर आले ते तिथे दिसतं) बघत बसायची. "लॅबची सरासरी चार आहे मॅडम, मी काढलीय."

"चारच्या खाली किती जण?"

बोटांवर मोजता मोजता ती थांबली. एका सीनियरचे एकट्याचेच एकोणीस. बाकी सगळे एक ते तीनमध्ये.

मग तिला आल्फ्रेड लोटका या संख्याशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. 1926 साली त्यांनी तिच्याच विषयाच्या, 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' या रसायनशास्त्रातल्या पेपरांचे सारांश देणाऱ्या नियतकालिकाच्या, 1907 ते 1916 च्या सूचीतली ए आणि बी अक्षरांची लेखकांची नावं मोजली. एकूण 6,891. त्यातल्या 3,991 जणांचा एकच पेपर, 1,059 जणांचे दोन. म्हणजे दोनवाले एकवाल्यांच्या साधारण चौथा हिस्सा, तीनवाले नवव्या हिश्श्याच्या आसपास. अशा वाटणीत सरासरी वरच्या मोजक्यांच्या दावणीला बांधलेली असते.

"म्हणजे दहावीतला बहुलक, सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, काढला तर तो 'एक' येणार!" ती हसली.

बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रासामागचा विचारच तपासून, काम करणारी. आकड्याने गेलेली चिंता पुढच्या आकड्याबरोबर परत येते, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून विचारलं, "आणि समजा, लॅबमध्ये खरंच सगळ्यात कमी तुझेच असते तर?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "तर नोकरीला त्रास झाला असता," ती म्हणाली. मग सावकाश, "पण म्हणून मी टाकाऊ ठरले नसते."

हे आपण सांगून भागत नाही, समोरच्याच्या तोंडून यावं लागतं. तोवर गप्प बसणं मला आता जमतं.

नोकरीची काळजी मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, तितकीच वर्षं झालेल्यांशी करा आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बघा. लेखकांची लांबलचक रांग असलेले पेपर वेगळे मोजा. लोटकांनीही संयुक्त पेपर फक्त ज्येष्ठ लेखकाच्या खात्यावर टाकले होते. त्या सीनियरच्या एकोणिसांतले बरेचसे असेच निघाले. आणि रात्री प्रोफाइल उघडायची नाही, म्हणजे नाही.

पुढच्या आठवड्यात मीराने गाइडची वेळ मागितली. पेपरबद्दल नाही, महिनोन्महिने फसत असलेल्या रिॲक्शनबद्दल.