केस केली तर इथलं बोललेलं कोर्टात जाईल का?

न्यू जर्सीत एडिसनला माझ्याकडे थेरपीसाठी आपले मराठी लोक बरेच येतात आणि जुन्या कंपनीवर केस करायचा विषय निघाला की पैशांच्या आधी हाच प्रश्न येतो.

एक आयटीवाला होता (ओळख पटेल असं सगळं बदललंय). डिप्रेशनसाठी त्याने एफएमएलएची रजा घेतली, म्हणजे अमेरिकेच्या 1993 च्या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या कायद्यातली 12 आठवड्यांची, बिनपगारी पण नोकरी राखून ठेवणारी. आजाराचं सर्टिफिकेट एचआरला द्यायचं असतं, थेट मॅनेजरने डॉक्टरला फोन करायचाच नाही असा नियमच आहे, तरी याचा मॅनेजर "नक्की झालंय काय" म्हणून खोदत राहिला, आणि हा परत कामावर गेला तर थोड्याच दिवसांत "पोझिशन एलिमिनेट झाली", म्हणजे नोकरी गेली. ग्रीन कार्ड होतं म्हणून निभावलं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याला तर नोकरी गेल्यावर 60 दिवसांत पुढची सोय बघावी लागते.

वकील केला आणि माझ्यासमोर बोलणंच बंद. मुलांचे क्लास, थंडी, घराचे हप्ते, बस. मग एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही लिहिताय ते त्यांचा वकील मागेल ना? मी दारू प्यायचो ते पण आहे त्यात."

भीती अगदीच खोटी नाही हो. 1996 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात सांगितलंय की थेरपिस्टशी झालेलं बोलणं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गोपनीय राहतं. पण मानसिक त्रासाची भरपाई मागितली की मनाची अवस्थाच वादाचा मुद्दा होते आणि तो आडोसा जाऊ शकतो. एफएमएलएमध्ये मिळतो बुडालेला पगार, व्याज आणि बऱ्याचदा तेवढीच रक्कम वर, मानसिक त्रासाचे पैसे त्यात नसतातच, ते मागायला न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा वगैरे लावावा लागतो. म्हणून वकिलाला आधी हे विचारा की आपण नक्की काय काय मागतोय. एफएमएलएच्या केससाठी साधारण 2 वर्षं असतात, मुद्दाम केलेलं असेल तर 3, तेव्हा विचार करायला वेळ असतो.

पण केससाठी थेरपी थांबवू नका, निम्मं लपवून तर अजिबात येऊ नका, त्यापेक्षा न आलेलं बरं असं मी तोंडावर सांगते. त्याने वकिलाशी बोलून फक्त पगाराचा दावा ठेवला, रक्कम कमी होईल हे कळूनसुद्धा. केस चालूच आहे. दारूचा विषय पुढच्याच सेशनला त्याने स्वतःहून काढला.